अफूचे बंदर आणि शुश्रूषेची भाषा

न्हावा आणि शेवा ही रायगड जिल्ह्यातली दोन वेगळी गावे. २६ मे १९८९ रोजी येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि या दोन नावांचा एक समास होऊन तो जगभरच्या जहाजांच्या कागदपत्रांवर जाऊन बसला. समासविग्रह करू पाहणाऱ्याला मधली बरीच पदे गाळलेली आढळतील. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेले शेतकऱ्यांचे आंदोलन, त्यात गोळीबारात गेलेले पाच जीव, शेवा कोळीवाड्याचे विस्थापन आणि नव्या जागी घरांना लागलेली वाळवी, हे सगळे त्या गाळलेल्या पदांत येते. त्याविषयी इतरांनी लिहिले आहे. मला आज वेगळ्याच गोष्टीविषयी लिहायचे आहे, आणि तिच्याकडे जाण्याची वाटही याच बंदरावरून जाते.

मुंबईच्या वर्तमानपत्राचा सामान्य वाचक न्हावा-शेवा हे नाव हल्ली वाचतो ते बहुधा अमली पदार्थांच्या बातमीत. ऑगस्ट २०२० मध्ये येथे १९१ किलो हेरॉइन पकडले गेले. बांबूसारख्या रंगवलेल्या नळ्यांत ते भरलेले होते आणि कागदोपत्री तो माल आयुर्वेदिक औषधींचा होता. सप्टेंबर २०२२ मध्ये सुमारे २२ टन ज्येष्ठमध सापडले, त्यावर हेरॉइनचा लेप होता. (ज्येष्ठमधाची काडी ज्या घरात खोकल्यावर दिली जात नाही असे मराठी घर विरळा. तस्करांनाही औषधाचेच सोंग घ्यावेसे वाटते, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.) या सर्व प्रकरणांत लागू होणारा कायदा एकच: गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. बंदराच्या कुंपणाबाहेर, काही किलोमीटरवरच्या एखाद्या गावात कर्करोगाचा शेवटच्या अवस्थेतला रुग्ण खाटेवर पडलेला असतो, त्याच्या उशापर्यंतही हाच कायदा पोहोचलेला आहे, हे मात्र बातमीत येत नाही. मॉर्फिनची गोळीही अफूपासूनच होते.

मरणाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसांचा, म्हणजे परिचारिकांचा, आयांचा, वॉर्डबॉयचा, समाजसेवकांचा, गावच्या आशाताईंचा इतिहास मराठीत सलग लिहिला गेलेला नाही. त्यांच्या स्तुतीचा इतिहास मात्र भरपूर आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की आपण या माणसांच्या हाती साधने फार कमी दिली आणि त्यांच्या गळ्यात शब्द फार घातले. इतके, की शब्द दिले म्हणजे साधने द्यायला नकोत असे आपल्याला वाटू लागले. मी भाषेचा शिक्षक आहे, म्हणून शब्दापासून आरंभ करणे मला सोयीचे.

'शुश्रूषा' हा तो शब्द. संस्कृत 'श्रु' म्हणजे ऐकणे, या धातूचे हे इच्छार्थक रूप: ऐकण्याची इच्छा. गुरूचे ऐकण्याची इच्छा असलेला शिष्य गुरूची सेवा करी, म्हणून शुश्रूषा म्हणजे सेवा. आणि पुढे आजाऱ्याची सेवा. मराठीत आल्यावर त्यातले ऐकणे विरले, सेवा उरली. आज 'तिने सासऱ्यांची खूप शुश्रूषा केली' असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे येतात ते अंथरूण, भांडे, पाणी, औषधाची वेळ. सासरे काय म्हणत होते, तिने काय ऐकले, आणि तिला स्वतःला जे वाटत होते ते कोणी ऐकले का, या प्रश्नांना त्या वाक्यात जागा राहिलेली नाही.

या हरवलेल्या अर्थाची मराठी गद्यातली एक मोठी नोंद रमाबाई रानड्यांची आहे. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० मधले पुस्तक आपण स्त्रीशिक्षणाच्या, पतिपत्नीसंबंधाच्या, सुधारणेच्या इतिहासाच्या अंगाने वाचतो आणि शिकवतो. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे गेले. त्यापूर्वीच्या आजारपणाकडे पुस्तक वळते तेव्हा आपण, शिक्षक म्हणून, बहुधा 'हृदयद्रावक' असा शेरा मारून पुढे जातो. ते भाग आजारी माणसाजवळ बसणाऱ्या व्यक्तीने लिहिलेले म्हणून वाचून पाहावेत. तिथे अडतीस वर्षांची एक स्त्री आहे. नवरा थोर असल्यामुळे आजारपणही सार्वजनिक आहे. येणारेजाणारे, तार, डॉक्टर, आणि या सर्वांत रात्रीचे जागरण मात्र तिचे एकटीचे. लपवायचे किती, विचारायचे किती, नवऱ्यापुढे चेहरा कसा ठेवायचा, हे तिला कोणी शिकवलेले नाही.

पुढे रमाबाई पुण्यास आल्या, काही काळ जवळजवळ एकांतात राहिल्या आणि मग १९०९ मध्ये पुणे सेवासदनाच्या कामात त्यांनी स्वतःला घातले. सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या आधाराने परिचारिकांच्या आणि सुईणींच्या शिक्षणाची सोय केली, त्यासाठी वसतिगृह काढले. त्या काळी वरच्या जातींतील स्त्रीने परक्या पुरुषाच्या आणि परक्या जातीच्या शरीराला हात लावणे म्हणजे काय होते हे सांगायला नको. विधवांना, टाकलेल्या स्त्रियांना ही वाट मोकळी झाली, कारण ज्यांना गमावण्यासारखे फारसे उरले नव्हते त्यांनाच समाज तिकडे जाऊ देत होता. रमाबाईंनी पतीच्या आजारपणातून हा धडा घेतला असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्यापुढे नाही. पण जिने एकटीने रात्री काढल्या तीच पुढे परिचारिकांना शिक्षण, खोली, सोबत आणि पगार मिळावा म्हणून खपली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. सेवा शिकावी लागते, आणि शिकणारीला राहायला जागा लागते, हे तिने ओळखले होते.

त्याआधी बारा वर्षे सावित्रीबाई फुले गेल्या. १८९७ च्या प्लेगात, पुण्याजवळ मुलगा यशवंत याने उघडलेल्या दवाखान्यात त्या रोग्यांना आणत होत्या. त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. आजाऱ्याला पाठीवर घेऊन येणारी सावित्रीबाई हे चित्र आज शाळाशाळांतून लावलेले आहे. त्या चित्रापुढे आपण नतमस्तक होतो आणि एक गोष्ट विसरतो: शुश्रूषा करणारी व्यक्ती त्या शुश्रूषेने मेली. साथरोगात सेवा करणाऱ्यांच्या संरक्षणाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या चित्राखाली लिहिलेला नाही. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, टाळ्या-थाळ्या वाजल्या तेव्हा संरक्षक पोशाखांच्या तुटवड्याच्या बातम्याही त्याच पानांवर होत्या.

मरणाविषयीचे मराठी चिंतन तसे दरिद्री नाही. समाधी, प्रायोपवेशन, संथारा हे शब्द आपल्या परिसरात जुने आहेत. विसाव्या शतकात दोन प्रसिद्ध मराठी माणसांनी आपल्या मरणाची वेळ ठरवल्यासारखे केले. सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ च्या आरंभापासून अन्न व औषध थांबवले आणि २६ फेब्रुवारीला ते गेले; आत्महत्या आणि आत्मार्पण यांत भेद करणारा लेख त्यांनी आधी लिहिलेला होता. विनोबा जन्माने आमच्या रायगडचेच, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर पवनारला त्यांनी औषध, अन्न, पाणी नाकारले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. या दोन मरणांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. ते सगळे लेखन जाणाऱ्याच्या इच्छेविषयी आहे. 'इच्छामरण' हा शब्दच तसा. पवनारच्या त्या आठवड्यात हाती औषध असूनही ते न देता उभ्या राहिलेल्या डॉक्टरांना काय वाटले असेल? ओठ ओले करू की नको, हा प्रश्न उशाशी बसणाऱ्याला किती वेळा पडला असेल? मरणाऱ्याची इच्छा पाळणे हेही एक काम आहे आणि ते दुसऱ्या कोणाला तरी करावे लागते. हे दुसरे माणूस आपल्या चिंतनातून सतत निसटते.

ते पाहायचे तर खाडीपलीकडे जायला हवे. उरणच्या रुग्णाने शेवटच्या आजारात परळला जाणे ही येथील कैक पिढ्यांची रीत. मोरा बंदरातून लाँच, भाऊचा धक्का, तेथून टॅक्सी. १९२६ मध्ये सुरू झालेले के. ई. एम. आणि १९४१ मध्ये उघडलेले टाटा स्मारक रुग्णालय ही दोन दारे आमच्याकडे देवळांइतकी परिचित. १२ जानेवारी २०२४ पासून शिवडी ते न्हावा-शेवा असा सागरी सेतू झाला आहे. त्यावर दुचाकीला आणि रिक्षेला परवानगी नाही, म्हणजे गावातल्या बहुसंख्य वाहनांना नाही, पण रुग्णवाहिका जाते. या सेतूच्या शिवडीकडच्या भागात मुंबई महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय आहे. घरच्यांनी सोडून दिलेले किती रोगी तेथे शेवटचे दिवस काढतात हे परळ-शिवडीच्या लोकांना ठाऊक आहे. तेथील अनेक कर्मचाऱ्यांना स्वतःलाच क्षय झाला, काही त्यात गेले, याच्या बातम्या गेल्या वीस वर्षांत वेळोवेळी येत राहिल्या.

मुंबईच्या सरकारी रुग्णालयांत एक गमतीदार भाषिक व्यवहार आहे. परिचारिका ती 'सिस्टर', आया ती 'मावशी', वॉर्डबॉय तो 'मामा'. सगळे कर्मचारी नात्यात बसवलेले. रुग्णाला यातून धीर येतो हे खरे, आणि मीही माझ्या वडिलांच्या आजारात 'मावशी, जरा बघता का' असे दहा वेळा म्हटले आहे. पण नात्यातल्या माणसाला आपण रजा किती, रात्रपाळ्या किती, पाठ दुखते का, असे विचारत नाही. मावशी थकत नाही, मामाला पगार नसतो. प्रेत गुंडाळणे, ते शवागारात नेणे, नातेवाइकांना बातमी कळल्यावर पहिला हंबरडा अंगावर घेणे ही कामे मामा-मावशींची. त्याविषयी त्यांना कोणी प्रशिक्षण दिल्याचे किंवा नंतर चहा पाजून दोन शब्द बोलल्याचे उदाहरण शोधावे लागेल.

के. ई. एम.मधली अरुणा शानभाग हिची हकीकत सर्वांना ठाऊक आहे, म्हणून फक्त परिचारिकांच्या बाजूने सांगतो. ती स्वतः तेथेच परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत ती त्याच रुग्णालयात होती. हल्ल्यानंतर मुंबईतील परिचारिकांनी संप केला, तो तिच्यासाठी आणि स्वतःच्या सुरक्षिततेसाठी. पुढे ऐंशीच्या दशकात तिला अन्यत्र हलवून खाट मोकळी करण्याचे प्रयत्न झाले, तेव्हाही परिचारिका उभ्या राहिल्या आणि प्रशासनाला माघार घ्यावी लागली. या स्त्रियांना जे मिळाले ते संप करून मिळाले, ही नोंद कौतुकाच्या लेखांत सहसा खाली ढकललेली असते.

तिला शय्याव्रण झाले नाही, हे पुढे सर्वांनी आश्चर्याने लिहिले. शय्याव्रण न होण्यासाठी दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, असे धरले तर दिवसाला बारा वेळा. साडेएक्केचाळीस वर्षांत हा आकडा पावणेदोन लाखांच्या पलीकडे जातो. हा हिशेब माझा, त्यात कमीजास्त असेल. पण एका देहाला पावणेदोन लाख वेळा कूस देणाऱ्या हातांची, मनगटांची, कमरांची कल्पना त्यावरून यावी. पिढ्या बदलल्या, नव्याने आलेल्या मुलींची तिच्याशी ओळख करून दिली जाई. तिला काय रुचते, काय नको, हे परिचारिका तिच्या चेहऱ्यावरून सांगत. न बोलणाऱ्या माणसाचे ऐकणे, हा शुश्रूषेचा मूळ धात्वर्थ या वॉर्डात शब्दशः जगला गेला.

पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. न्यायालयाने याचिका फेटाळली, पण ठरावीक पद्धतीने, उच्च न्यायालयाच्या अनुमतीने, जीवरक्षक उपचार थांबवता येतील असे तत्त्व मान्य केले. तिचे 'जवळचे' कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा न्यायालयाने उत्तर दिले की के. ई. एम.चे कर्मचारी. परिचारिकांच्या निष्ठेचा निकालपत्रात मोठा गौरव आहे. विराणी यांची भूमिका निर्दय होती असे मला वाटत नाही. त्यांनीच ती हकीकत पुस्तकरूपाने जगापुढे ठेवली होती. आणि परिचारिकांचा विरोध केवळ भावनेपोटी होता असेही नाही. आपण ज्याला रोज भरवतो त्याचे भरवणे थांबवण्याची कृती अखेर आपल्याच हातून व्हायची आहे, हे त्यांना कळत होते. कायदा 'उपचार थांबवावेत' असे कर्मणी प्रयोगात बोलतो. वॉर्डात कर्ता लागतो.

त्यानंतर ९ मार्च २०१८ च्या निकालाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र मान्य झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया पुष्कळशी सोपी केली गेली. सुशिक्षित मध्यमवर्गात त्याची चर्चा चालू आहे, ती व्हावी. पण या सगळ्या चर्चेला 'मरण केव्हा' हा प्रश्न अधिक आवडतो. 'तोवर वेदना कोण, कशाने कमी करणार' हा प्रश्न तितका नाट्यपूर्ण नाही. आणि आपल्याकडे बहुसंख्य मरणाऱ्यांचा प्रश्न तोच आहे. येथे आपण पुन्हा अफूकडे येतो.

ही मुंबईची खाडी अफूला अनोळखी नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती. मुंबईच्या कित्येक घराण्यांची संपत्ती त्या व्यापारातली. सर जमशेटजी जिजीभाई हे त्या व्यापारातले थोर नाव, आणि १८४५ मध्ये उघडलेले जे. जे. रुग्णालय त्यांच्या देणगीने उभे राहिले. व्यसनाच्या पैशातून शुश्रूषेची इमारत, हा योग इतिहासाने या शहराला दिला. त्याच शतकाच्या आरंभी सेर्ट्युर्नर नावाच्या जर्मन औषधविक्रेत्याने अफूतून मॉर्फिन वेगळे काढले होते. भारतात आजही सरकारी परवान्याने मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात अफू पिकते. गाझीपूर आणि नीमच येथील सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. ती परदेशांत औषधासाठी जाते.

वेदनाशमनाच्या आधुनिक चळवळीची आद्य प्रवर्तक सिसिली साँडर्स ही मूळची परिचारिका. पाठीच्या दुखण्यामुळे तिला ते काम सोडावे लागले (परिचारिकांच्या पाठी हा या इतिहासातला एक अदृश्य धागाच आहे), मग ती रुग्णालयातली समाजसेविका झाली, आणि मरणाऱ्यांच्या वेदनेविषयी डॉक्टर आपले ऐकणार नाहीत म्हणून वयाच्या तिशीत वैद्यक शिकून १९५७ मध्ये डॉक्टर झाली. १९६७ मध्ये तिने लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हे आश्रयस्थान काढले. तिचे सांगणे असे, की वेदना उफाळण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी तोंडाने मॉर्फिन द्यावे; आणि वेदना केवळ शरीराची नसते, घराची, पैशाची, मनाचीही असते. तिने हे रोग्यांच्या उशाशी बसून, त्यांचे बोलणे टिपून सिद्ध केले.

१९८६ मध्ये टाटा रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. लुसितो डिसोझा यांनी वांद्र्याला शांती आवेदना सदन स्थापले. असाध्य कर्करोगाच्या रुग्णांसाठीचे हे देशातले पहिले आश्रयस्थान. तेथील शुश्रूषा धर्मभगिनींनी सांभाळली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवरील मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि मॉर्फिनला तिच्यात मध्यवर्ती स्थान दिले. आणि जेमतेम काही महिने आधी, १४ नोव्हेंबर १९८५ पासून, आपल्याकडे अमली पदार्थविरोधी कायदा अमलात आला होता. एका हाताने दार उघडले त्याच सुमारास दुसऱ्या हाताने त्याला कुलूप घातले गेले.

कायद्यात वैद्यकीय वापराला मज्जाव नव्हता. पण परवाने द्यायचे अधिकार राज्यांकडे, प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. बाळगण्याचा, आणण्याचा, वाहून नेण्याचा असे चार-पाच परवाने एकाच वेळी वैध असावे लागत. एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. मूळ कायद्यात बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची सक्तमजुरी होती. औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणे सोडले, रुग्णालयांनी मागवणे सोडले, वैद्यकीय महाविद्यालयांनी शिकवणे सोडले. देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटून १९९७ मध्ये अवघ्या १८ किलोवर आला. एवढ्या मोठ्या देशात, जो स्वतः अफू पिकवतो. वर सांगितलेले न्हावा-शेव्याचे १९१ किलो या आकड्याशेजारी ठेवून पाहावेत.

या काळात वॉर्डात काम केलेल्या परिचारिकेची स्थिती काय असेल? रोगी ओरडतो आहे. औषध अस्तित्वात आहे, स्वस्त आहे, गोळी तोंडाने देता येते, हे तिला कदाचित माहीत आहे. कपाटात ते नाही. असेल तर किल्ली दुसऱ्याकडे आहे आणि नोंदवहीत एक गोळी कमी भरली तर चौकशी तिची. डॉक्टर 'सवय लागेल' म्हणतात. ज्याला दोन आठवडे जगायचे आहे त्याला सवय लागेल. ती मग काय करते? हात धरते, देवाचे नाव घ्यायला सांगते, पंखा लावते. आणि आपण बाहेरून तिला करुणेची मूर्ती म्हणतो. करुणा तिच्याजवळ होतीच; दहा मिलिग्रॅमची गोळी नव्हती. दुसऱ्याची शमू शकणारी वेदना रोज पाहत राहावे लागणे, ही त्या वेदनेइतकी नसली तरी खरीच इजा आहे, आणि ती तीस वर्षे एका संपूर्ण पिढीला झाली.

बदल घडला तो पुष्कळसा केरळकडून. डॉ. एम. आर. राजगोपाल व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कालिकतला काम सुरू केले, शेजारपाजारच्या लोकांना शिकवून घरोघरी जाणारी शुश्रूषा उभारली, आणि कायद्याशी वर्षानुवर्षे झगडा दिला. फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने कायदा सुधारला: 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधे' असा वर्ग निर्माण झाला, त्यात मॉर्फिन आले, आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला एकच परवाना पुरेसा झाला. नियम बदलतात त्या वेगाने भीती बदलत नाही. आमच्याच जिल्ह्यात, खारघरला, २००२ पासून टाटा केंद्राची मोठी संशोधन संस्था व रुग्णालय आहे. पण खारघर आणि उरणच्या एखाद्या पाड्यावरची खोली यांत जे अंतर आहे ते किलोमीटरचे नाही.

त्या अंतरात आज जी व्यक्ती उभी आहे तिला सरकार 'आशा स्वयंसेविका' म्हणते. २००५ पासूनच्या या योजनेत तिला पगार नाही, कामागणिक मोबदला व मानधन आहे. 'स्वयंसेविका' आणि 'मानधन' हे दोन शब्द एकत्र पाहावेत: पहिला सांगतो की ती स्वतःहून आली, दुसरा सांगतो की तिला दिले जाते ते मानापोटी. वेतन हा शब्द कोठेच येऊ न देण्याची ही खबरदारी भाषेने घेतली आहे. महाराष्ट्रात २०२१ आणि २०२३ मध्ये आशांनी संप केले ते या दोन शब्दांविरुद्धच होते. आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या बारा सेवांत वृद्धांची व असाध्य रुग्णांची काळजी आता अंतर्भूत आहे. कागदावर ती आली हे चांगलेच झाले.

दोनेक वर्षांपूर्वी वर्गात 'शुश्रूषा' या शब्दाची व्युत्पत्ती सांगत होतो. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. म्हणाली, "सर, माझी आई आशा आहे. तिला हे सांगितलं तर हसेल." मग तिने सांगितले. त्यांच्या गावात एका म्हाताऱ्या कोळी गृहस्थांना घशाचा कर्करोग होता. मुंबईच्या रुग्णालयाने, आता घरीच ठेवा, असे सांगून मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या होत्या. घरच्यांनी त्या तांदळाच्या डब्यात लपवल्या. बंदरात पकडलेल्या मालाच्या बातम्या त्यांनी वाचल्या होत्या. पोलीस आले तर काय, या धास्तीने ते गोळी एक दिवसाआड देत होते. काकांचे रात्रीचे कण्हणे शेजारच्या घरांत ऐकू जाई. आईने चिठ्ठी पाहिली, त्यावरच्या क्रमांकावर फोन केला, तीनदा केल्यावर लागला. पलीकडच्या सिस्टरने तिला सगळे समजावले: दर चार तासांनी द्यायची, पोट साफ व्हायचे औषध बरोबर द्यायचे, चिठ्ठी गोळ्यांबरोबर ठेवायची, भ्यायचे नाही. आईने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले आणि घरच्यांना वाचून दाखवले. त्या रात्री काका झोपले.

"नंतर?" मी विचारले.

"नंतर अठरा दिवस होते, सर. आई रोज जायची. त्या भेटींना वहीत रकाना नव्हता, ती 'इतर'मध्ये लिहायची."

काका गेल्यावर नऊ गोळ्या उरल्या. मुलगा त्या खाडीत टाकणार होता. आईने त्या मागून घेतल्या, चिठ्ठीत गुंडाळून पर्समध्ये ठेवल्या, आणि एका दिवसाचा मोबदला बुडवून बसने मुंबईला गेली. रुग्णालयाच्या खिडकीवर तिने त्या परत दिल्या. तिथल्या माणसाने नऊ मोजून घेतल्या, नोंद केली, तिची सही घेतली आणि पावती दिली. ती पावती तिने आशाच्या वहीत लावून ठेवली आहे, असे मुलगी सांगत होती.